औषधालयाच्या खिडकीपासून रुग्णशय्येपर्यंत : कर्करोग उपचारपथकातील क्लिनिकल फार्मासिस्टच्या भूमिकेचा इतिहास

बीजसंज्ञा : क्लिनिकल फार्मसी, केमोथेरपी, रुग्णसुरक्षा, औषधमात्रा, उपचारपथक, फार्म.डी.

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात औषधाचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाला आणि ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला मानाचे स्थान मिळालेले आहे. त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला, औषध प्रत्यक्ष मोजणारा, मिसळणारा आणि रुग्णाच्या हाती देणारा माणूस मात्र इतिहासकारांच्या दृष्टीआड राहिला. परिचारिकेचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेलमुळे का होईना लिहिला गेला. फार्मासिस्टच्या वाट्याला तेवढेही आले नाही. कर्करोगाच्या रुग्णालयात ही उणीव विशेष जाणवते, कारण तेथे औषध आणि विष यांतील अंतर इतर कोणत्याही विभागापेक्षा कमी असते आणि ते अंतर राखण्याचे काम मोठ्या प्रमाणात याच माणसाकडे असते.

प्रस्तुत निबंधात १९४२ पासून आजपर्यंतच्या कालखंडात क्लिनिकल फार्मासिस्ट कर्करोग उपचारपथकाचा घटक कसा बनला, याचा आढावा घेतला आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटन येथील घटना निवडल्या आहेत, कारण ही भूमिका प्रथम तेथे आकारास आली. त्यानंतर भारतीय परिस्थितीचा विचार केला आहे. या व्यवसायाच्या अधिकृत इतिहासांत ही वाटचाल शिक्षणाच्या व ज्ञानाच्या क्रमिक उन्नतीची कथा म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला ती मांडणी अपुरी वाटते. उपलब्ध घटनाक्रम पाहता फार्मासिस्टला पथकात स्थान मिळाले ते बहुतांशी अपघातांनंतर, आणि त्या स्थानाचा गाभा डॉक्टरांच्या लेखी आदेशाला प्रश्न विचारण्याच्या अधिकारात होता.

विषापासून औषधापर्यंत

आधुनिक केमोथेरपीचा उगम युद्धसंशोधनात आहे. १९४२ मध्ये येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या औषधशास्त्रज्ञांनी मस्टर्ड वायूच्या वर्गातील नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य लसीकाग्रंथींच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या रुग्णास प्रथम दिले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे संशोधन १९४६ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. पुढे १९४८ मध्ये बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त १६ बालकांना अमिनोप्टेरिन दिल्याचा आणि त्यांपैकी १० जणांमध्ये तात्पुरती सुधारणा दिसल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हे द्रव्य लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. त्याच वर्षी, १९४८ च्या ऑगस्टमध्ये, त्यांचे निधन झाले. भारतीय पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव अद्याप हवे तसे आलेले नाही, हे जाता जाता नोंदवणे आवश्यक वाटते.

या आरंभकाळात रसायनशास्त्रज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि डॉक्टर असा त्रिकोण दिसतो. फार्मासिस्ट त्यात नाही. औषधे मोजकी होती, रुग्ण थोडे होते आणि प्रयोग करणारा डॉक्टर स्वतःच मात्रा ठरवून कित्येकदा स्वतःच ती देत असे. १९६० च्या दशकात हे चित्र पालटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइश यांनी बालकांच्या रक्तकर्करोगासाठी चार औषधे एकत्र देण्याची पद्धत अवलंबिली. व्हिन्सेंट डेविटा आणि सहकाऱ्यांनी हॉजकिन्सच्या आजारासाठी अशीच चार औषधांची योजना आखली. एका औषधाच्या जागी चार आली, प्रत्येकाचा मार्ग, दिवस व मात्रा वेगळी, आणि मात्रा ठरणार रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर. उपचार हा आता गणिताचा आणि वेळापत्रकाचा विषय झाला. चुकीची शक्यता त्याच प्रमाणात वाढली. चूक पकडणारा माणूस मात्र अजून नेमलेला नव्हता.

नवव्या मजल्यावरील प्रयोग

त्या काळातील रुग्णालयीन फार्मसी बहुधा तळघरात असे. चिठ्ठी खिडकीतून आत जाई, औषध खिडकीतून बाहेर येई. १९६६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या वॉर्डालगत, एक छोटी फार्मसी उघडण्यात आली आणि फार्मासिस्ट तेथे रुग्णांच्या सान्निध्यात काम करू लागले. क्लिनिकल फार्मसीच्या इतिहासात ‘नववा मजला’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. यात नवे यंत्र वा नवे औषध काहीही नव्हते. बदलली होती ती केवळ जागा. फार्मासिस्टला रुग्णाचे कागद दिसू लागले, हे औषध कोणाला आणि कशासाठी दिले जात आहे हे कळू लागले. ज्याला निदान ठाऊक नाही तो मात्रेविषयी शंका घेऊ शकत नाही, ही साधी गोष्ट येथे प्रथम व्यवहारात उमगली.

१९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड यांनी ‘फार्मास्युटिकल केअर’ची जी संकल्पना मांडली, तीत फार्मासिस्टची जबाबदारी वस्तूपुरती न राहता रुग्णावर होणाऱ्या परिणामापर्यंत विस्तारली. तात्त्विकदृष्ट्या ही मांडणी महत्त्वाची आहे आणि पुढील सर्व अभ्यासक्रमांवर तिचा ठसा आहे. परंतु कर्करोग विभागात फार्मासिस्टचा प्रवेश या तत्त्वज्ञानाची वाट पाहत थांबला नव्हता. तो एका वेगळ्याच कारणाने घडला.

परिचारिकांचे हात

१९७० च्या दशकापर्यंत कर्करोगाची इंजेक्शने वॉर्डातील टेबलावर परिचारिकाच मिसळत. कुपी फोडायची, भुकटीत द्रव सोडायचा, सिरिंज भरायची. हवेत उडालेले सूक्ष्म तुषार श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात जात. १९७९ मध्ये फिनलंडमधील काई फाल्क आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात दाखवून दिले की, अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकीय बदल घडवून आणणाऱ्या द्रव्यांची लक्षणे आढळतात. जे औषध रुग्णाच्या कर्कपेशी मारते ते निरोगी परिचारिकेच्या शरीरातही पोचत होते.

या निष्कर्षाचा परिणाम दूरगामी ठरला. ही औषधे विशिष्ट हवाप्रवाहाच्या बंदिस्त कपाटात, हातमोजे व झगे घालून, प्रशिक्षित व्यक्तीनेच तयार करावीत असा आग्रह सुरू झाला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने १९८६ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कपाट महाग होते, ते प्रत्येक वॉर्डात बसवणे शक्य नव्हते, म्हणून ते फार्मसीत बसले. परिणामी रुग्णालयातील केमोथेरपीचा प्रत्येक आदेश फार्मसीच्या दारातून जाऊ लागला. कामगाराच्या आरोग्यासाठी केलेल्या या व्यवस्थेतून रुग्णाच्या सुरक्षेची एक चौकी आपोआप उभी राहिली. व्यवसायाच्या गौरवगाथांत या घटनेला जेवढे महत्त्व मिळावयास हवे तेवढे मिळालेले दिसत नाही, कदाचित ती परिचारिकांच्या आरोग्याची गोष्ट असल्यामुळे.

बोस्टन, १९९४

चौकी उभी राहिली तरी चौकीदाराला अधिकार नसेल तर काय होते, याचे विदारक उदाहरण ज्या फार्बर यांचा वर उल्लेख आला त्यांच्याच नावाच्या संस्थेत घडले. बोस्टन येथील डेना-फार्बर कर्करोग संस्था जगातील अग्रगण्य संस्थांपैकी एक. ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक स्तंभलेखिका बेट्सी लेहमन या स्तनांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे दाखल झाल्या. त्यांचे वय ३९ होते. उच्च मात्रेतील सायक्लोफॉस्फमाइडच्या एका संशोधन-चाचणीत त्या सहभागी होत्या. आराखड्यानुसार जी मात्रा चार दिवसांत मिळून द्यावयाची होती, ती आदेश लिहिताना दर दिवसाची म्हणून लिहिली गेली. चार दिवस, प्रत्येक दिवशी, चौपट औषध दिले गेले. ३ डिसेंबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच चाचणीतील आणखी एका रुग्ण स्त्रीला तीच चूक होऊन हृदयाची गंभीर इजा झाली.

इतिहासाच्या अभ्यासकाला या घटनेतील दोन बाबी थांबायला लावतात. पहिली अशी की, हा आदेश एकट्या डॉक्टरच्या हातून रुग्णापर्यंत पोचला नव्हता. फार्मासिस्टांनी तो पाहिला, औषध तयार केले. परिचारिकांनी तो पाहिला, औषध दिले. नियमाप्रमाणे सर्व तपासण्या झाल्या होत्या. मग चूक निसटली कशी? त्याचे उत्तर बरेचसे त्या संस्थेच्या थोरवीतच दडलेले आहे. संशोधन-रुग्णालयात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक मात्रा देणे हा रोजचा परिपाठ होता. मोठा आकडा पाहून दचकण्याची सवय तेथे मोडलेली होती. आराखड्यातील मात्रेचे लेखन एकूण व दैनंदिन मात्रा यांत गोंधळ व्हावा असे होते, आणि ज्येष्ठ संशोधकांच्या योजनेविषयी शंका उपस्थित करणे हे औषध देणाऱ्याच्या कर्तव्यात मोडते असे कोणी स्पष्टपणे ठरवून दिलेले नव्हते.

दुसरी बाब अशी की, ही चूक मृत्यूच्या वेळी कोणाच्या ध्यानात आलीच नाही. १९९५ च्या फेब्रुवारीत चाचणीची आकडेवारी नेहमीप्रमाणे तपासताना ती उघडकीस आली. म्हणजे कोणत्याही तज्ज्ञाने नव्हे, तर नोंदी ताडून पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने ती पकडली. मार्चमध्ये बातमी प्रसिद्ध झाली आणि देशभर खळबळ उडाली. स्वतः वृत्तपत्रात आरोग्यावर लिहिणाऱ्या, जाणकार, सुशिक्षित रुग्णाच्या बाबतीत हे घडू शकते तर सामान्यांचे काय, हा प्रश्न वाचकांनी विचारला तो स्वाभाविकच होता.

संस्थेने त्यानंतर जे बदल केले त्यांत फार्मसीचे स्थान मध्यवर्ती होते. संगणकीय आदेशप्रणालीत प्रत्येक औषधाची कमाल मात्रा बसवण्यात आली. ती ओलांडावयाची तर कारण द्यावे लागे. चाचण्यांचे आराखडे फार्मासिस्ट व परिचारिका यांच्या हाती पूर्ण स्वरूपात राहतील याची व्यवस्था झाली. शंका असेल तर औषध रोखून धरणे हा अडथळा न मानता कर्तव्य मानले गेले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने वैद्यकीय चुकांवर जो बहुचर्चित अहवाल काढला त्याच्या आरंभीच लेहमन यांचे नाव येते. त्या देशात रुग्णालयांतील चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज त्यात वर्तवला होता. पुढे २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने लेहमन यांच्याच नावाने रुग्णसुरक्षा केंद्र स्थापन केले. व्यवसायाच्या पातळीवर पाहता, अमेरिकेतील विशेषज्ञता मंडळाने कर्करोग फार्मसीला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून १९९६ मध्ये मान्यता दिली. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल, परंतु काळाची संगती नजरेआड करता येत नाही.

सदाफुलीचे औषध

ब्रिटनमधील अनुभव थोडा निराळा आहे. आपल्या अंगणात, कुंपणाशी वाढणारी सदाफुली ही मूळची मादागास्करची वनस्पती. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून अमेरिकेत अधिकृत वापरात आहे आणि बालकांच्या रक्तकर्करोगात त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. हे औषध केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. पाठीच्या मणक्यातून मेंदूजलात दिल्यास ते जवळजवळ निश्चितपणे मृत्यू ओढवते. अडचण अशी की, याच रुग्णांना मणक्यातून देण्याची दुसरी औषधेही त्याच सुमारास दिली जातात, आणि दोन्ही सिरिंज दिसायला सारख्याच.

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये ही चूक अनेकदा घडली. २००० साली तेथील आरोग्य खात्याने ‘स्मरणशक्ती असलेली संघटना’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल काढून २००१ अखेर ही चूक पूर्णपणे थांबवण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच २००१ च्या जानेवारीत नॉटिंगहॅम येथे १८ वर्षांच्या एका तरुणाला व्हिन्क्रिस्टीन मणक्यातून दिले गेले. महिन्याभरात तो गेला. त्याचा मूळ आजार तेव्हा आटोक्यात होता. प्रा. ब्रायन टॉफ्ट यांच्या चौकशी अहवालाने दाखवले की, एकत्र येऊच नयेत अशी दोन औषधे एकाच वेळी डॉक्टरांच्या हाती आली होती आणि वाटेतील एकेक लहान सवलत मिळून हा मार्ग मोकळा झाला होता.

यानंतर आलेल्या राष्ट्रीय नियमांनी फार्मासिस्टला ठोस काम दिले. मणक्यातून द्यावयाचे औषध कोण लिहू, तयार करू, सोडू व देऊ शकतो यांची नावनिशीवार नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले; नोंदवहीत नाव नसलेल्यास औषध मिळणार नाही, मग तो कितीही ज्येष्ठ असो. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये न देता लहान सलाइन पिशवीत विरळ करूनच द्यावे असा इशारा प्रसृत केला. पिशवी मणक्याच्या सुईला जोडण्याचे कोणाच्या मनात येणार नाही, इतका हा उपाय साधा. माणसाच्या सावधपणावर विसंबण्यापेक्षा वस्तूचा आकारच बदलणे हे खास फार्मसीचे शहाणपण म्हणावे लागेल.

पथकातील दैनंदिन कार्य

आज प्रगत कर्करोग रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्ट नेमके काय करतो, याची कल्पना दोन-तीन उदाहरणांवरून यावी. कार्बोप्लाटिनची मात्रा १९८९ मध्ये काल्व्हर्ट यांनी दिलेल्या सूत्रानुसार मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेवर ठरते. कालचा रक्ततपासणी अहवाल आज वापरला तर मात्रा चुकू शकते. उच्च मात्रेतील मेथोट्रेक्सेटनंतर रक्तातील औषधाची पातळी पाहून प्रतिऔषध किती वेळ चालू ठेवायचे ते ठरवावे लागते, आणि त्या दिवसांत रुग्णाने गुडघेदुखीसाठी घेतलेली साधी वेदनाशामक गोळीही घातक ठरू शकते. २००१ मध्ये इमॅटिनिब आल्यापासून तोंडावाटे घ्यावयाच्या गोळ्यांचे युग सुरू झाले. रुग्ण घरी गोळी घेतो, सोबत रक्तदाबाची, मधुमेहाची, फेफऱ्याची औषधे घेतो आणि कुणी सुचवलेला काढाही घेतो. हे सर्व एका ठिकाणी मांडून पाहणारा माणूस पथकात बहुधा हाच असतो. कॅपेसिटाबीनसोबत रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू राहिले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, ही गोष्ट कर्करोगतज्ज्ञालाही ठाऊक असते. परंतु ते वॉरफरिन दुसऱ्याच गावच्या डॉक्टरने दिलेले असते.

भारतीय संदर्भ

भारतात या भूमिकेचा विचार करताना प्रथम नावाकडे पाहावे लागते. मराठीत या माणसाला पूर्वी ‘कंपाउंडर’ म्हणत, पुढे ‘औषधनिर्माता’, आणि शासकीय सेवेत ‘औषधनिर्माण अधिकारी’. तिन्ही नावे वस्तूशी निगडित आहेत, रुग्णाशी नाहीत. रुग्ण तर सरसकट ‘मेडिकलवाला’ म्हणतो. भाषेत जे स्थान नाही ते व्यवहारात मिळणे अवघड असते.

औषधशिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ मध्ये पणजी येथे स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात फार्मसीचे शिक्षण दिले जाई. बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी १९३० च्या दशकात पदवी अभ्यासक्रमाचा पाया घातला. परंतु १९४८ च्या फार्मसी कायद्यानंतरही हे शिक्षण मुख्यत्वे कारखान्याकडे वळलेले राहिले. नवस्वतंत्र देशाला औषधे बनवणारे हात हवे होते, आणि त्या निवडीमुळेच आज भारतीय कंपन्यांची स्वस्त कर्करोग-औषधे जगभर जातात, हे मान्य केलेच पाहिजे. रुग्णालय मात्र या विचारातून सुटले. मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि देशातील कर्करोग उपचारांचे केंद्र बनले. पण वॉर्डात जाणारा फार्मासिस्ट तयार करणारे शिक्षण देशात सुरू व्हायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. म्हैसूर व उटी येथील जेएसएस महाविद्यालयांत ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांच्या सहकार्याने फार्मसी प्रॅक्टिसचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. २००८ मध्ये फार्मसी कौन्सिलने सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आणला, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णसमुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पद विनियमांत आले.

येथे अमेरिकेच्या नेमका उलटा क्रम दिसतो. तेथे आधी गरज भासली, मग काम आले, मग पदवी. आपल्याकडे पदवी आधी आली. पद अनेक ठिकाणी कागदावरच राहिले. सहा वर्षे शिकलेले युवक-युवती औषधकंपन्यांच्या माहितीसंकलनाच्या कचेऱ्यांत किंवा परदेशी परीक्षांच्या तयारीत दिसतात, आणि त्याच वेळी अनेक रुग्णालयांत केमोथेरपी आजही परिचारिकाच मिसळतात. फाल्क यांच्या निष्कर्षाला साडेचार दशके उलटून गेल्यानंतरची ही स्थिती आहे.

शिवाय दुसरी बाजूही नाकारता येत नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी महागड्या कर्करोग-औषधांच्या रिकाम्या कुपी बनावट द्रवाने भरून विकणाऱ्या टोळीचा छडा लावला. अटक झालेल्यांत रुग्णालयांच्या औषधविभागांशी संबंधित व्यक्तींचाही समावेश होता. रिकामी कुपी मोजून नष्ट करणे हे कंटाळवाणे, कोणाच्या नजरेत न भरणारे काम आहे. पण ज्याच्याकडे कुपीचा ताबा आहे त्याला पुरेसा दर्जा, वेतन आणि जबाबदारी नसेल तर त्या ताब्याचे काय होते, हे या प्रकरणातील आरोपांवरून दिसते.

हा प्रश्न येत्या काळात अधिक तीव्र होणार आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातील रुग्णालये जोडली, उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि औषधांची एकत्रित खरेदीही सुरू केली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे महाराष्ट्रातील गरीब रुग्णाला केमोथेरपीचा खर्च परवडू लागला. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत, आणि त्यांपैकी २०० ठिकाणी २०२५-२६ मध्येच, दिवसभराच्या कर्करोग उपचारांची केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला परळच्या पदपथावर मुक्काम करावा लागू नये, यासारखी दुसरी स्वागतार्ह गोष्ट नाही.

परंतु या केंद्रांसंबंधी पहिला हिशेब सामान्यतः खाटांचा आणि डॉक्टरांचा होतो. हवाप्रवाहाचे कपाट कोठे बसणार, त्यात औषध कोण मिसळणार, परळहून आलेल्या उपचार-आराखड्यातील मात्रा एकूण आहे की दैनंदिन हे कोण ताडून पाहणार, आणि आकडा खटकला तर ‘साहेबांना कसे विचारायचे’ या संकोचावर मात करून फोन कोण उचलणार, हे पदनिर्मितीच्या प्रस्तावांत लिहिले गेले पाहिजे. जिल्हा रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकाऱ्याचे पद आहेच. फार्म.डी. झालेले उमेदवारही जिल्ह्याजिल्ह्यांत उपलब्ध आहेत. या दोहोंना जोडणारा शासननिर्णय आणि आदेश रोखून धरण्याचा लेखी अधिकार केंद्रे सुरू होण्याआधी दिला जातो की एखाद्या मृत्यूच्या चौकशी अहवालानंतर, एवढेच ठरावयाचे आहे.